दीपगृह डोळे का मिचकावतं?

परवा थळच्या किनाऱ्यावर भाचीने खांदेरीच्या दीपगृहाकडे बोट दाखवलं. "मामा, तो दिवा सारखा बंद का होतो?"

तर मुलांनो, बऱ्याच दीपगृहांत दिवा बंद होतच नाही! त्याभोवतीची भिंगं फिरतात आणि झोत आपल्याकडे वळला की लखकन दिसतो.

दोन झोतांमधली वेळ ठरलेली असते. खलाशी सेकंद मोजतात, नकाशाशी ताडतात आणि दीपगृह ओळखतात.

पूर्वी जाड भिंगं फार जड व्हायची. फ्रान्सच्या फ्रेनेलने काचेच्या पातळ कड्या रचून हलकं भिंग बनवलं. 1823 मध्ये ते कोर्दुआन दीपगृहात बसलं.

आणि भाचीने दाखवलेलं खांदेरी? तिथला किल्ला शिवाजी महाराजांचा, दीपगृह 1867 चं.

आणि पालकहो, किनाऱ्यावर गेलात की मुलांना सेकंद मोजायला लावा. त्यांचे प्रश्न इथे लिहा, उत्तरं देतो!