हॉस्पिटलचे कोड आणि शरीरातील नळ्या

हॉस्पिटलचे बिल घरी आले की आपण बहुतेक जण शेवटचा आकडा वाचतो आणि बाकीचे कागद फाइलमध्ये ठेवून देतो. पण तो आकडा ठरतो बाकीच्या कागदांवरील कोडवरून. अल्फारेटा परिसरातील आपली बरीच मंडळी हेल्थकेअरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मीही इन्शुरन्स क्लेमच्या प्रोग्रामवर काम करताना हे कोड वाचायला शिकलो.

रुग्ण हॉस्पिटलमध्ये दाखल असताना झालेल्या शस्त्रक्रियांसाठी अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-पीसीएस ही पद्धत वापरतात. कोड नेहमी सात जागांचा असतो. प्रत्येक जागी आकडा किंवा इंग्रजी अक्षर येते. मात्र आय आणि ओ ही अक्षरे वगळली आहेत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. (हे ज्याने सुचवले त्याने कधीतरी रात्रभर जागून प्रोग्राममधली चूक शोधली असणार!) यातली तिसरी जागा सर्वात महत्त्वाची. शस्त्रक्रियेचे नाव काहीही असो, ती कोणत्या हेतूने केली ते तिथे लिहायचे असते.

रक्तवाहिन्या, अन्ननलिका, आतडी, पित्तनलिका, बीजवाहिन्या या सगळ्या नळ्याच. नळीची रुंदी किंवा वाट बदलण्याचे चार प्रकार या पद्धतीत मानले आहेत. नळी रुंद केली तर ७, अरुंद केली तर व्ही, पूर्ण बंद केली तर एल आणि आतला प्रवाह दुसरीकडे वळवला तर १. अँजिओप्लास्टी हे रुंद करणे. गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयाचे मुख टाक्याने आवळणे हे अरुंद करणे. बायकांचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन, ज्यात बीजवाहिन्या बांधतात किंवा क्लिप लावतात, ते बंद करणे. बायपास म्हटले की आपल्याला हृदयच आठवते, पण मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढून देणे, म्हणजे कोलोस्टोमी, हाही इथे बायपासच.

एक कोड उलगडून पाहू: ०२७०३४झेड. पहिले ० म्हणजे शस्त्रक्रिया विभाग, २ म्हणजे हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या, ७ म्हणजे रुंद करणे. पुढचे ० म्हणजे हृदयाची एकच धमनी, ३ म्हणजे त्वचेतून सुईवाटे आत जाऊन, ४ म्हणजे औषधाचा लेप असलेला एक स्टेंट, आणि झेड म्हणजे आणखी काही सांगण्यासारखे नाही. साधा स्टेंट असता तर ४ च्या जागी डी आले असते. डॉक्टरांनी ही परिभाषा वापरावी अशी अपेक्षा नसते. त्यांच्या रिपोर्टवरून कोड ठरवणे हे कोडरचे काम. म्हणून शंका आली तर बिलाबरोबर ऑपरेशनचा रिपोर्टही मागवून घ्यावा. तो मिळणे हा आपला हक्क आहे.

हे झाले हॉस्पिटलचे. डॉक्टरांचे स्वतःचे बिल आणि त्याच दिवशी घरी पाठवणाऱ्या तपासण्या यांसाठी सीपीटी नावाचे वेगळे कोड आहेत, आणि आपल्या घरांत जास्त घोळ होतो तो इथेच. कोलोनोस्कोपीचेच बघा. २०२१ पासून ही तपासणी वयाच्या ४५ व्या वर्षी सुरू करण्याची शिफारस आहे. काही त्रास नसताना, केवळ खबरदारी म्हणून केली तर नोकरीतून मिळणाऱ्या बहुतेक विम्यांना, डॉक्टर नेटवर्कमधले असतील तर, तिचा पूर्ण खर्च द्यावा लागतो. त्याच वेळी पॉलिप सापडून काढला, तरीही. पण पॉलिप काढला की कोड ४५३७८ ऐवजी ४५३८५ किंवा ४५३८० होतो, आणि त्याला ३३ हा मॉडिफायर जोडायचा राहिला तर विमा कंपनीचा कॉम्प्युटर तो उपचार समजून डिडक्टिबल लावतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचे असेच झाले. त्यांनी आधी विमा कंपनीला दोनदा फोन केला. उपयोग शून्य, कारण कोड बदलणे त्यांच्या हाती नसते. डॉक्टरांच्या बिलिंग ऑफिसला सांगून दुरुस्त क्लेम पाठवायला लावला, तेव्हा बिल गेले. तेवढ्यानेही भागले नाही तर नकाराचे पत्र मिळाल्यापासून १८० दिवसांत अपील करता येते.

मात्र रक्त पडते म्हणून डॉक्टरांनी तपासणी सांगितली असेल, तर तो खर्च आपल्याकडे येऊ शकतो. तिथे ३३ लावून मागणे म्हणजे खोटे लिहायला सांगणे झाले.

भारतातून येणाऱ्या आईवडिलांच्या व्हिजिटर इन्शुरन्सला हा नियम लागू नाही. त्यांची ही तपासणी निघण्यापूर्वी तिकडेच करून घेतलेली बरी. पूर्वी अँजिओप्लास्टी झाली असल्यास डिस्चार्ज कार्ड आणि स्टेंटचे कार्ड त्यांच्या हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. कोणत्या धमनीत, कधी आणि कोणता स्टेंट घातला, हे इथल्या इमर्जन्सी रूममध्ये पहिल्या काही मिनिटांतच विचारतात.