परदेशी भुताचा गल्ला
(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

चित्रपट चालला की पडला, हे आपण तिकीटबारीवरच्या आकड्यावरून ठरवतो. अमुक कोटींचा गल्ला, असे मथळे येतात आणि कॅन्टीनमध्ये त्यावर पैजा लागतात. परंतु हा आकडा नेमका कशाचा, तो कोणाच्या खिशात जातो, आणि देशातला व परदेशातला गल्ला एका पंक्तीला बसवता येतो काय, याचा विचार फारसा होत नाही. उदाहरणासाठी मी 'द रिंग' हा अमेरिकन भयपट निवडला आहे. भयपट हा वार्षिकांकाचा विषय आहे काय, अशी शंका काही प्राध्यापकांना येण्याचा संभव आहे. त्यांनी एवढा पुढचा परिच्छेद सोसावा, नंतर सगळा हिशेबच आहे.

हे भूत मूळचे जपानी. कोजी सुझुकी यांची कादंबरी १९९१ साली आली आणि तिच्यावरून हिदेओ नाकाता यांनी १९९८ मध्ये 'रिंगू' हा चित्रपट केला. एक शापित व्हिडिओ कॅसेट आहे. ती पाहणारा सात दिवसांत मरतो. शेवटी विहिरीत मारलेली सादाको नावाची मुलगी केस मोकळे सोडून दूरदर्शनच्या पडद्यातून बाहेर येते. विहिरीतली बाई आमच्या गावाकडच्या माणसाला नवी नाही. नवी होती ती कॅसेट. ड्रीमवर्क्स या अमेरिकन कंपनीने रीमेकचे हक्क घेतले, सादाकोची समारा केली, कथा सिएटलला नेली, आणि गोर व्हर्बिन्स्की यांच्या दिग्दर्शनाखाली, नाओमी वॉट्स यांना घेऊन ऑक्टोबर २००२ मध्ये चित्रपट लावला.

निर्मितीखर्च सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर्स. पहिल्या शनिवार-रविवारसह तीन दिवसांत गल्ला झाला दीड कोटीचा. भयपटाची रीत अशी, की पहिल्या आठवड्याला उडी पडते आणि दुसऱ्या आठवड्याला ओसरते. येथे उलट घडले. ज्यांनी पाहिला त्यांनी दुसऱ्यांना सांगितले, कंपनीने चित्रपटगृहे वाढवली, आणि दुसऱ्या आठवडाअखेरीचा गल्ला पहिल्याहून मोठा, म्हणजे १ कोटी ८५ लाखांचा झाला. अखेर स्वदेशात सुमारे १२ कोटी ९० लाख, परदेशात सुमारे १२ कोटी, एकंदर २४ कोटी ९० लाख डॉलर्स. त्या वर्षीच्या ४८ रुपयांच्या आसपासच्या दराने हे जवळजवळ १,२०० कोटी रुपये होतात. (अमेरिकन चित्रव्यवसायात 'स्वदेश' म्हणताना कॅनडाही त्यात धरतात. कॅनडाच्या माणसाला काय वाटते, हे कोणी विचारत नाही.)

आता प्रश्न असा, की या २४ कोटी ९० लाखांतून खर्चाचे ४ कोटी ८० लाख वजा केले म्हणजे २० कोटींचा नफा झाला काय? मुळीच नाही. माझे वडील कांदा घेऊन बाजार समितीत जातात. परत आले, की आई हिशेबपट्टीवरच्या वरच्या आकड्याकडे पाहतच नाही. हमाली, तोलाई, गाडीभाडे जाऊन तळाशी उरलेला आकडा तेवढा विचारते. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला. पण ढोबळ उत्पन्न आणि हाती पडणारी रक्कम यांतला फरक आईला माझ्याआधी ठाऊक होता.

गल्ला हा पट्टीवरचा वरचा आकडा आहे. अमेरिकेत तिकिटाच्या रकमेपैकी साधारण निम्मा भाग चित्रपटगृहाचा. परदेशात स्थानिक वितरक, तिथले कर, भाषांतर, उपशीर्षके असे वाटेकरी वाढतात, आणि कंपनीच्या हाती ढोबळमानाने शंभरातले चाळीस पडतात असे धरण्याचा प्रघात आहे. देशोदेशी हे प्रमाण बदलते, तथापि अंदाजापुरते ते चालेल. म्हणजे 'द रिंग'च्या बाबतीत स्वदेशातून सुमारे साडेसहा कोटी आणि परदेशातून सुमारे पावणेपाच कोटी, मिळून सव्वाअकरा कोटी. त्यातून निर्मितीखर्च गेला की साडेसहा कोटींच्या आत उरतात, आणि जाहिरात व फिल्मच्या प्रती यांचा खर्च अजून शिल्लकच आहे. पुढे व्हिडिओ आणि दूरदर्शनच्या हक्कांचे पैसे येतात, ही गोष्ट वेगळी. तरीसुद्धा धंदा उत्तम झाला यात शंका नाही. पण परदेशातला एक डॉलर स्वदेशातल्या डॉलरएवढा वजनदार नसतो, हे लक्षात ठेवले पाहिजे.

याच कारणामुळे जपानचा आकडा मोठा मनोरंजक आहे. नक्कल मूळ गावी नेऊन विकणे म्हणजे नाशिकला द्राक्षे पाठवण्यासारखे. तरीही अमेरिकन 'रिंग'ने जपानमध्ये पहिल्या दोन आठवड्यांत सुमारे ८३ लाख डॉलर्स जमवले, आणि मूळ 'रिंगू'च्या तिथल्या संपूर्ण कमाईचा आकडा त्याच्याशेजारी ६६ लाख असा दिला जातो. आमच्या वर्गातल्या एका मित्राने यावरून तत्काळ निकाल दिला, की नक्कल अस्सलापेक्षा सरस ठरली, जपान्यांनीच कबूल केले!

हा निकाल मला मान्य नाही. एक तर जपानमध्ये २००० सालापूर्वी तिकीटबारीवरचा गल्ला नव्हे, तर वितरकाच्या हाती आलेला वाटा प्रसिद्ध करण्याची पद्धत होती. २००० पासून पूर्ण गल्ला छापला जाऊ लागला. तेव्हा १९९८ चा आणि २००२ चा आकडा शेजारी दिसले, की ते पट्टीच्या वरचे आहेत की तळाचे, हे आधी तपासले पाहिजे. येन आणि डॉलर यांचा दरही चार वर्षे एका जागी उभा राहत नाही. आणि मुख्य म्हणजे १९९८ मध्ये सादाकोची ओळख पुढे झाली तेवढी पसरलेली नव्हती. २००२ पर्यंत तिच्यावर पुढचे भाग निघून गेले होते, घरोघरी तिचे नाव झाले होते. नकलेला ती ओळख आयती मिळाली.

पुढच्या भागांचे आकडे मांडल्यावर आणखी एक गंमत दिसते. २००५ च्या 'द रिंग टू'चे दिग्दर्शन खुद्द नाकाता यांनी केले. त्याला स्वदेशात सुमारे ७ कोटी ६० लाख आणि परदेशात साडेआठ कोटींच्या आसपास मिळाले. २०१७ च्या 'रिंग्ज'ला स्वदेशात २ कोटी ७८ लाख, परदेशात सुमारे साडेपाच कोटी. म्हणजे एकूण गल्ल्यात परदेशाचा वाटा पहिल्या वेळी ४८ टक्के, मग ५३, मग ६६. कोणी एवढीच टक्केवारी दाखवली तर वाटेल, की हे भूत परदेशांत अधिकाधिक लोकप्रिय होत गेले. वस्तुतः परदेशातली रक्कम १२ कोटींवरून साडेपाचांवर आली. स्वदेशातली त्याहून वेगाने कोसळली, एवढेच. 'रिंग्ज'चा खर्च अडीच कोटी होता. वरच्याच रीतीने कंपनीचा वाटा काढला तर साडेतीन कोटींच्या किंचित पुढे जातो, आणि जगभरच्या जाहिरातीला त्यातून सव्वा कोटीसुद्धा उरत नाही.

मला अधिक बोचतो तो निराळाच आकडा. 'रिंगू'च्या रीमेकचे हक्क सुमारे १० लाख डॉलर्सना विकले गेले, असे प्रसिद्ध झाले आहे. २४ कोटी ९० लाखांच्या गल्ल्याशी ताडून पाहिले तर शंभरात अर्धासुद्धा भरत नाही. विकणाऱ्याला त्या वेळी तो सौदा चांगलाच वाटला असणार; अमेरिकेत जपानी भूत चालेल याची खात्री कोणालाच नव्हती, आणि जोखीम ज्याने घेतली त्याला लाभ, हे अर्थशास्त्राचे उत्तर मला पाठ आहे. पण भाव पडलेला असताना शेतातच माल उचलणारा व्यापारीही हेच सांगतो.

'द ग्रज' (२००४) या दुसऱ्या रीमेकची गोष्ट थोडी बरी आहे. 'जू-ऑन' हा मूळ जपानी चित्रपट करणाऱ्या ताकाशी शिमिझू यांनाच दिग्दर्शनाला बोलावले, कथा टोकियोतच ठेवली, नट तेवढे अमेरिकन घेतले. खर्च सुमारे एक कोटी, गल्ला जगभरात १८ कोटी ७० लाख. यातला परदेशी वाटा ४१ टक्के, 'रिंग'पेक्षा कमी. पण खर्चच इतका बेताचा, की टक्केवारीची चिंता करण्याचे कारण उरले नाही.

आपल्याकडे हाच प्रकार 'लपाछपी'बाबत झाला. उसाच्या फडात घडणारा विशाल फुरिया यांचा हा मराठी भयपट २०१७ मध्ये चित्रपटगृहांत लागला. त्याचा 'छोरी' हा हिंदी रीमेक त्यांनीच केला, आणि तो २०२१ मध्ये थेट प्राइम व्हिडिओवर आला. परदेशातल्या प्रेक्षकालाही तो घरबसल्या पाहता आला. परंतु तिकीट नाही, म्हणून गल्लाही नाही. परदेशात तो किती चालला हे ठरवायला बाहेरच्या माणसाला पट्टीवरचा वरचा आकडासुद्धा मिळत नाही. तो कंपनीच्या दप्तरात राहतो. २०२५ मध्ये 'छोरी'चा दुसरा भागही त्याच वाटेने आला.