रक्तातली साखर आणि धमनीतला मेद

साखर उतरली की मधुमेह जिंकला, अशी आमच्या घरांतून सर्रास समजूत आहे. शिकलेली मंडळीही तिला अपवाद नाहीत. परंतु मधुमेह्याचा घात बहुधा हृदयविकारच करतो. धमनीच्या अस्तराखाली मेद साचतो, त्यावर तंतूंचे नि चुन्याचे थर चढतात आणि रक्ताची वाट अरुंद होते.

या थरावर गोळीचा काय परिणाम होतो, हे 'पेरिस्कोप' नावाच्या चाचणीत पाहिले गेले. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह व हृदयधमनीविकार असे दोन्ही जडलेल्या ५४३ रुग्णांपैकी काहींना ग्लिमेपिराइड, तर काहींना पायोग्लिटाझोन १८ महिने दिले. धमनीत बारीक नळी सारून ध्वनिलहरींनी थर मोजला. साखर दोन्हींनी उतरली. मात्र धमनीतील थराचा शेकडा वाटा ग्लिमेपिराइडवाल्यांत ०.७३ ने वाढला, पायोग्लिटाझोनवाल्यांत ०.१६ ने घटला. ही घट नाममात्रच. वाढ थोपली, हेच आम्हांस मोलाचे वाटते. पायोग्लिटाझोन शरीराला स्वतःच्या इन्शुलिनचा उपयोग अधिक चांगला करू देते, रक्तातील मेदही काहीसा सुधारते.

तरीही शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून ही गोळी आणू नये. तिने अंगात पाणी साठते, पाय सुजतात, वजन वाढते, स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेने भारतात जून २०१३ मध्ये तिची विक्री थांबविली होती. जुलैअखेर इशाऱ्याच्या अटीवर ती पुन्हा सुरू झाली. हृदय दुर्बळ झालेल्या रुग्णास डॉक्टर ती देत नाहीत.