कोबीला सकाळ कळते

कोबीचा गड्डा शेतात कापला, पाटीत भरला, गाडीत चढवून शहरात आणला, की त्याचं जगणं संपलं असं आपण धरून चालतो. ते संपलेलं नसतं. अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात जॅनेट ब्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुकानातून आणलेला कोबी बारा तास उजेडात आणि बारा तास अंधारात, असा काही दिवस ठेवून पाहिला. कापलेल्या त्या पानांची दिनचर्या पुन्हा सुरू झाली! किडीला परतवणारी, कोबीला त्याचा उग्रपणा देणारी द्रव्यं दिवसाच्या ठरावीक वेळी वाढू लागली आणि नंतर ओसरू लागली. ज्या कोबीचं घड्याळ अळ्यांच्या घड्याळाशी जुळलेलं होतं, तो अळ्यांनी कमी खाल्ला. 2013 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. पालक, गाजर आणि रताळ्यातही अशीच लय सापडली. आपल्या ओट्यावर पडलेल्या गाजराला दिवस-रात्र कळते, ही गोष्ट मला अजून पुरती पचलेली नाही.

भाजी जिवंत आहे म्हणजे ती श्वास घेते. झाडापासून तुटल्यावर नवीन अन्न मिळत नाही, म्हणून साठवलेली साखर जाळत ती दिवस काढते. त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊब बाहेर पडते. मेथीच्या जुड्या दाबून भरलेल्या पोत्यात हात घाला, आत गरम लागतं. कांदा-बटाटा अगदी सावकाश श्वास घेतात, म्हणून ते महिनोन्महिने टिकतात. मटार, मक्याचं कणीस, कोवळ्या पालेभाज्या भराभर घेतात. तापमान दहा अंशांनी उतरलं की हा वेग साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. फ्रिजचं काम एवढंच: भाजीचं जगणं मंद करणं.

म्हणूनच शेतातून थेट घरी येणाऱ्या आठवड्याच्या टोपलीचं मला इतकं अप्रूप वाटतं. जपानमध्ये 1970च्या दशकात कीटकनाशकांच्या धास्तीने शहरातल्या गृहिणी आणि शेतकरी एकत्र आले आणि मधले दलाल वगळून थेट व्यवहार सुरू झाला. त्याला ‘तेइकेइ’ म्हणतात. 1986 मध्ये अमेरिकेत मॅसेच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर इथल्या दोन शेतांनी हंगामाचे पैसे आगाऊ घेऊन पिकाचा वाटा सभासदांना द्यायला सुरुवात केली. पुण्या-मुंबईतही आता अशा टोपल्या घरोघरी येतात. जपानी मंडळींनी 1978 मध्ये या नात्याची दहा तत्त्वं लिहून काढली. त्यातलं एक स्वयंपाकघराला थेट भिडणारं आहे: शेतकरी जे पाठवील, ते सगळं घ्यायचं. मुळे चार आले तर चार. मग ‘आज काय करू’ हा प्रश्न उरत नाही. ‘यातलं आधी काय संपवायला हवं’ एवढंच बघायचं, आणि त्याचं उत्तर भाजीच्या श्वासात असतं.

पौष महिन्यातल्या टोपलीतला मटारच घ्या. शेंग तोडल्या क्षणापासून दाण्यातली साखर स्टार्चमध्ये बदलू लागते. सकाळी तोडलेला मटार त्याच दिवशी सोलून तोंडात टाकला तर तो खाऊसारखा लागतो. तोच दोन दिवस उबेला राहिला तर पिठूळ होतो. या गोडीमागे विज्ञानातल्या एका फार मोठ्या गोष्टीचा धागा आहे. ब्रनोच्या मठातल्या बागेत ग्रेगोर मेंडेलने गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाटाण्यांचा संकर केला. दुसऱ्या पिढीत 5474 दाणे गोल आणि 1850 सुरकुतलेले निघाले, जवळजवळ तिनास एक. त्याचा निबंध 1866 मध्ये छापला गेला आणि आनुवंशिकतेचा पाया घातला गेला. पण दाण्यावर सुरकुती पडते कशामुळे? ते समजायला 1990 साल उजाडावं लागलं. सुरकुतलेल्या वाटाण्यात स्टार्चला फांद्या फोडणारं एक एन्झाइम काम करत नाही, कारण त्याच्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून बसला आहे. स्टार्च कमी बनतं, साखर तशीच राहते, साखर पाणी ओढून घेते. कोवळा दाणा टपोरा फुगतो आणि वाळताना ते सगळं पाणी गेल्यामुळे त्याची साल चुरगळते. ज्या सुरकुतीने मेंडेलला नियम दाखवला, तीच मटाराच्या गोडीची खूण! सोलून खायच्या मटाराच्या बहुतेक जाती सुरकुतलेल्या बियाण्याच्या असतात. रगड्याचा पांढरा वाटाणा मात्र गोल आणि स्टार्चने भरलेला. म्हणून तो शिजून रगड्याला दाटपणा देतो. उसळीला ओला मटार आणि रगड्याला पांढरा वाटाणा, हा निवाडा आपल्या घरांनी मेंडेलला न विचारता केलेला आहे.

हुरड्याचंही तेच. सोलापूरकडे रब्बी ज्वारीच्या कणसात दाणा दुधातून घट्ट होत असतो, तेव्हा त्यात गोडी असते. पुढे दाणा भरला की तीच साखर स्टार्च होऊन भाकरीच्या कामाला येते. हुरडा मिळतो तो या दोन अवस्थांमधल्या थोड्या दिवसांत. आगटीत कणीस भाजायचं, हातावर चोळायचं आणि गरम असतानाच लसणाच्या चटणीबरोबर खायचं. गूळभेंडीसारख्या जाती तर खास या दिवसांसाठीच जपलेल्या आहेत.

रताळं याच्या अगदी उलटं वागतं. ते आपली गोडी शिजताना तयार करतं! कच्च्या रताळ्यात स्टार्च भरपूर असतं आणि ते तोडणारं एन्झाइमही त्यातच असतं. साठेक अंशांच्या पुढे स्टार्च फुलून मऊ होतं, एन्झाइम त्याचे तुकडे करत माल्टोज नावाची साखर बनवतं. पंच्याहत्तर-ऐंशी अंशांच्या वर मात्र एन्झाइमच निकामी होतं. म्हणजे सगळा खेळ मधल्या पट्ट्यात रताळं किती वेळ राहतं याचा. प्रेशर कुकरमध्ये ते हा पट्टा झरकन ओलांडतं. चुलीच्या गरम राखेत पुरलेलं रताळं तिथे बराच वेळ रेंगाळतं, म्हणून त्याचा पाक सालीबाहेर झिरपतो. चूल नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून अगदी मंद आचेवर भाजावं. घाई करू नये.

एवढं समजलं की टोपलीचा आठवडा आपोआप लागतो. पहिल्या दिवशी पालेभाजी आणि मटार, मग फ्लॉवर आणि घेवडा, शेवटी गाजर, मुळा, रताळी. मुळ्याचा पाला आल्या आल्या कापून वेगळा करावा, नाहीतर तो मुळ्यातलं पाणी ओढत राहतो. त्याची डाळ घालून भाजी त्याच दिवशी. वांगी आणि टोमॅटो उष्ण प्रदेशातले, त्यांना फ्रिजची थंडी बाधते. वांग्याच्या बिया काळ्या पडतात, टोमॅटोचा वास जातो. ते बाहेरच बरे. पण टोमॅटोजवळ कोथिंबीर ठेवू नये, कारण टोमॅटो पिकताना सोडतो त्या इथिलीन वायूने ती पिवळी पडते.

आणि अख्खी टोपली एका पातेल्यात घालण्याचा दिवस आपल्या पंचांगात आहेच: संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी. गाजर, वांगी, पावटा, घेवडा, ओला हरभरा, मटार, कुठे बोरं आणि उसाचे करवेही. त्या आठवड्यात शेतात जे जे उभं असतं ते सगळं, वर तीळ-शेंगदाण्याचं कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ही भाजी चांगली होते ती मसाल्यापेक्षा क्रमाने. आधी पावटा आणि हरभरा, मग गाजर, त्यानंतर घेवडा आणि वांगं. चिंचेचा कोळ दाणे बोटाने दाबून मऊ लागल्यावरच घालावा. आंबट पाण्यात भाजीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सहज विरघळत नाही, त्यामुळे आधीच चिंच पडली तर पावटा तासभर उकळूनही टणक राहतो. मटार सर्वांत शेवटी, गॅस बंद करायच्या पाचेक मिनिटं आधी. त्याची साखर त्याच्यातच राहिली पाहिजे.