मोटारीची सीट जागा कशी लक्षात ठेवते?

कर्जतहून चौकमार्गे पुण्याला निघालेली एक मोटार खालापूरजवळ थांबली आहे, असे समजू. घाट चढण्यापूर्वी चालक बदलतो. उंच वडील उतरतात आणि त्यांची ठेंगणी मुलगी त्यांच्या जागी बसते. ती '२' हे बटण दाबते. सीट पुढे सरकते, थोडी वर उचलली जाते. काही महागड्या मोटारींत स्टिअरिंगही तिच्या बेताने खाली-वर आणि पुढे-मागे होते. सीटला हे आठवते कसे?

प्रत्येक हालचालीसाठी एक छोटी डी.सी. मोटर असते. स्टिअरिंगच्या दांड्याला अशा दोन : एक तो कलवण्यासाठी, दुसरी त्याची लांबी कमी-जास्त करण्यासाठी. मोटर फिरली की दंतचक्रांमार्फत आटे असलेला लांब स्क्रू फिरतो, त्यावरचा नट सरकतो आणि नटाबरोबर सीट. विद्युतप्रवाहाची दिशा बदलली की मोटर उलटी फिरते.

वर्गात १० मि.मी. व्यासाचा नेहमीचा बोल्ट आणा. त्यावरचा नट एका फेऱ्यात १.५ मि.मी. सरकतो, १० फेऱ्यांत १५ मि.मी. म्हणजे फेरे मोजले की पट्टी न लावताच अंतर कळते. सीटही हेच करते.

फेरे मोजतो हॉल संवेदक. वीज वाहणाऱ्या पट्टीवर आडवे चुंबकीय क्षेत्र आले की तिच्या दोन कडांमध्ये थोडी व्होल्टता निर्माण होते, हे एडविन हॉल यांना १८७९ साली आढळले. मोटरीच्या आसावरचे चुंबक संवेदकासमोरून गेले की एक विद्युत स्पंद मिळतो. सीट पुढे जाताना स्पंदांची बेरीज होते, मागे येताना वजाबाकी. जागा नोंदवताना हा आकडा वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत साठवला जातो. बटण दाबले की आताचा आकडा आणि साठवलेला आकडा यांतील फरक संपेपर्यंत मोटर फिरते.

पण नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. रेल्वेने कर्जत सुमारे १०० कि.मी. आणि खोपोली सुमारे ११५ कि.मी., असे आपण म्हणतो ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस शून्य धरून. सीटचे शून्य म्हणजे रुळाचे टोक. दुरुस्तीत किंवा बॅटरी काढल्यावर मोजणी चुकली, तर सीट टोकापर्यंत नेतात. तेथे मोटर अडते, प्रवाह एकदम वाढतो आणि त्यावरून नियंत्रकाला टोक आल्याचे समजते. मोजणी पुन्हा तेथून सुरू होते.

काही मोटारींत मोजणीऐवजी पोटेन्शिओमीटर वापरतात. त्याचा सरकता स्पर्शक जिथे असेल तशी व्होल्टता मिळते. त्यामुळे मोजणी विसरण्याचा प्रश्न येत नाही. मात्र घासून घासून तो झिजतो.

आता घाटाकडे वळू. चालत्या मोटारीत मुलीकडून चुकून '१' दाबले गेले तर? सीट मागे जाईल आणि पाय ब्रेकपर्यंत पोहोचणार नाही. म्हणून अनेक मोटारींत नियंत्रक आधी वेग तपासतो आणि मोटार उभी असल्याशिवाय आज्ञा पाळत नाही. उलट, सीट फार पुढे असणेही धोक्याचे. स्टिअरिंगमधील हवेची पिशवी फुगण्यासाठी छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ से.मी. अंतर हवे. हे अंतर सीट मोजत नाही. आकडा नोंदवण्यापूर्वी ते चालकानेच पाहायचे असते. चुकीची जागा नोंदवली, तर सीट तीच चूक दर वेळी इमानेइतबारे करील.