पेन्सिल, कॅमेरा आणि मोरवेलीचा काप

व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या आंद्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन यांनी ४ मार्च १८४० रोजी एका वेलीच्या खोडाचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्याचं चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उतरवलं. दागेरची छायाचित्रणाची कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली होती ऑगस्ट १८३९ मध्ये. म्हणजे ही विद्या जगापुढे येऊन सात महिनेही झाले नव्हते. वेल होती क्लेमॅटिस, आपल्याकडच्या मोरवेलीची आणि रानजाईची सख्खी नातलग. तो पत्रा आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये आहे.

इतक्या लवकर इतकं जमलं होतं, तर वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतून त्यानंतरही मुख्यतः हातानं काढलेल्या आकृत्या का छापल्या गेल्या? आजही बी.एस्सी.च्या मुलांना सूर्यफुलाच्या किंवा मक्याच्या खोडाचा सेक्शन ब्लेडनं कापून, सॅफ्रानीननं रंगवून, जर्नलमध्ये पेन्सिलीनंच काढावा लागतो. मुलं कुरकुरतात, खिशातल्या मोबाइलकडे बघतात. सरांचा जुनाट हट्ट म्हणून हे सोडून देता येईल. पण सूक्ष्मदर्शकापुढे पेन्सिल एक काम करत होती आणि ते कॅमेऱ्याला अगदी अलीकडे जमू लागलं आहे.

ते काम काय, हे रॉबर्ट हूकला १६६५ सालीच कळलं होतं. ‘मायक्रोग्राफिया’ या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो माशीच्या डोळ्याची अडचण सांगतो. एका उजेडात तो डोळा भोकं पाडलेल्या जाळीसारखा दिसतो, उन्हात सोनेरी खिळे ठोकल्यासारखा, तर कोन बदलला की कधी पिरॅमिड, कधी शंकू. मग खरा आकार कोणता? हूकनं उपाय केला तो असा, की वस्तू अनेक उजेडांत, अनेक बाजूंनी पाहायची, खरा आकार मनाशी पक्का करायचा आणि मगच चित्राला हात घालायचा. त्याचं चित्र हा असा अनेक निरीक्षणांचा निकाल होता. फोटोला ही सवड नसते. ज्या क्षणी जो उजेड होता, तेवढंच तो सांगतो.

सुरुवातीची अडचण मात्र याहून साधी होती: चित्र टिकत नव्हतं. थॉमस वेजवूड आणि हम्फ्री डेव्ही यांनी १८०२ सालीच सौर सूक्ष्मदर्शकातून पडलेल्या प्रतिमा चांदीच्या क्षारांनी माखलेल्या कागदावर उतरवल्या होत्या. त्या पक्क्या करण्याची युक्ती सापडली नाही आणि उजेडात नेल्या की काळ्या पडत. पुढे टॅलबॉटनं कागदावर, दागेरनं पत्र्यावर तो प्रश्न सोडवला. तरी पत्र्याचा फोटो पुस्तकात छापायचा कसा? पॅरिसमध्ये आल्फ्रेड दोने आणि लेओं फुको यांनी १८४५ साली सूक्ष्मदर्शकाचा अ‍ॅटलस काढला. फोटो पत्र्यावर घेतले होते, पण छापताना कोरीव काम करणाऱ्यानं ते पाहून आकृत्या कोरल्या. म्हणजे यंत्रानं बाजूला सारलेला माणसाचा हात छापखान्यात पुन्हा हजर!

रॉबर्ट कॉखला हा हात नकोच होता. चित्रकाराच्या मनात जे असतं तेच कागदावर येतं, अशी त्याची तक्रार. १८७७ साली त्यानं जिवाणूंचे फोटो प्रसिद्ध केले, तेही फर्डिनांड कोन यांच्या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात, कारण त्या काळी जिवाणूंची गणना वनस्पतींत होत असे. पण काचेचे त्या वेळचे फोटो-फलक मुख्यतः निळ्या उजेडालाच दाद देत. म्हणून कॉखनं जिवाणू तपकिरी रंगवले. तो रंग निळा उजेड शोषतो, त्यामुळे जिवाणू ठसठशीत उठतात. यंत्रानं निःपक्षपाती साक्ष द्यावी म्हणून साक्षीदारालाच रंगवावं लागलं, यातली गंमत त्याच्या लक्षात आली असणारच.

खरा वाद पेटला बर्फावरून. अमेरिकेत व्हर्मांटमधल्या जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली यानं १५ जानेवारी १८८५ रोजी सूक्ष्मदर्शकाला भात्याचा कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचा फोटो घेतला. पुढच्या शेहेचाळीस वर्षांत असे पाच हजारांहून अधिक. थंडीनं गारठलेल्या खोलीत, श्वास रोखून, स्फटिक विरघळायच्या आत. सुबक षट्कोनी नक्षी, मागे मखमली काळोख. १९३१ साली त्याचं ‘स्नो क्रिस्टल्स’ निघालं, त्यात दोन हजार चारशेच्या वर चित्रं. त्याच वर्षी २३ डिसेंबरला बेंटली वारला. तो काळोख मात्र कॅमेऱ्यातून आलेला नव्हता. बेंटली निगेटिव्हच्या प्रतीवर स्फटिकाच्या कडेकडेनं थर खरवडून काढत असे, म्हणजे छापताना पार्श्वभूमी काळी पडे. जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्टाफ हेलमान यानं यावर सडकून टीका केली. बर्लिनच्या रिखार्ड नॉयहाउस यानं हेलमानसाठी घेतलेल्या फोटोंत स्फटिक तुटके, वाकडे, असममित दिसत होते. बेंटलीनं तर आपल्यापुढच्या स्फटिकांतले देखणे तेवढे निवडले आणि वर कड कोरली. माझ्या मते हेलमानचं म्हणणं खरं होतं आणि बेंटलीचं काम तरीही मोठं. खरवडल्यानं आतली नक्षी बदलत नाही. पण कड बदलू शकते आणि निवड तर सगळंच बदलते. शाळेच्या भिंतीवरचा सहा पाकळ्यांचा हिमकण पाहून आपण समजतो की बर्फ असाच पडतो; तो क्वचित तसा पडतो.

मधल्या काळात भिंगाचं गणितही बसत गेलं. येनात कार्ल झाइसबरोबर काम करणाऱ्या एर्न्स्ट आबे यानं १८७३ साली दाखवून दिलं, की प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळचे दोन ठिपके उत्तम भिंगालाही वेगळे दाखवता येत नाहीत. दृश्य प्रकाशासाठी ही मर्यादा ढोबळमानानं ०.२ मायक्रॉन. मोबाइलच्या जाहिरातीतले मेगापिक्सेल कितीही वाढोत, ही भिंत हलत नाही. बोटांनी झूम केलं की धूसर तेच आणखी मोठं धूसर होतं. प्रकाशाची दुसरी गोष्ट आउगुस्ट क्योलरची. मृदुकाय प्राण्यांचा अभ्यास करताना फोटोंत दिव्याच्या ज्योतीचाच आकार उमटतो, उजेड एकसारखा पडत नाही, म्हणून वैतागून त्यानं १८९३ साली नवी मांडणी शोधली: दिव्याची प्रतिमा वस्तूवर न पाडता कंडेन्सरच्या झडपेवर पाडायची. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही हीच पद्धत शिकवतात. आपल्याकडच्या कित्येक महाविद्यालयांत मात्र कंडेन्सर एकदा खाली सरकलेला असतो तो तसाच.

राहिली खोली, आणि पेन्सिलीची सरशी इथेच होती. ४० पटीच्या भिंगाखाली एका वेळी जेमतेम एक मायक्रॉनचा थर स्पष्ट दिसतो. जास्वंदीचा परागकण शंभर मायक्रॉनहून मोठा आणि अंगभर काटे. फोटोत एकतर वरचे काटे येतील, नाहीतर कड, बाकी सगळा धुरळा. चित्र काढणारा डाव्या हातानं फोकसचं बारीक चक्र फिरवत राहतो, उजव्या हातानं काढत जातो आणि सगळे थर एका आकृतीत आणतो. कोल्हापूर परिसरातल्या गोड्या पाण्यातले डायटम, म्हणजे काचेचं कवच असलेली एकपेशीय शेवाळं, एच. पी. गांधी यांनी अशाच रेखाटनांनी नोंदवले. राधानगरी-कोल्हापूरवरचा त्यांचा निबंध १९५७ चा, कोल्हापूर परिसरावरचा १९५८ चा. योगायोग असा, की १ जानेवारी १९५८ पासून शेवाळाची नवी जाती जाहीर करताना तिची आकृती देणं आंतरराष्ट्रीय नियमानं बंधनकारक झालं. नियमाला रेखाटन चालतं, फोटोही चालतो.

आता चित्रकाराचं ते काम संगणकानं उचललं आहे. फोकस थोडाथोडा सरकवत साठ-सत्तर फोटो घ्यायचे. हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरसारखी प्रणाली प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एक चित्र जुळवते. जास्वंदीचा परागकण अखेर सगळ्या काट्यांसकट दिसतो. पण एकमेकांवरून गेलेल्या केसांच्या जागी प्रणाली गोंधळते, कडांना प्रभा येते, नसलेली रेघ उमटते. बेंटलीचा चाकू आता गणिती सूत्रात आहे, एवढाच फरक.

हात लावून पाहायचं असेल तर अळूपासून सुरुवात करा. देठाचा पातळ काप घ्या, पाण्याच्या थेंबात ठेवा, कव्हरस्लिप एका कडेनं तिरकी टेकवून हळूच सोडा. घाई केलीत तर काळ्या जाड कडेचे गोल दिसतील; त्या पेशी नव्हेत, हवेचे बुडबुडे आहेत. साध्या उजेडात काप फिकट, बेचव. आता ध्रुवक फिल्मचा एक तुकडा दिव्यावर आणि एक भिंगाच्या वर ठेवा आणि वरचा फिरवत जा. एका क्षणी सगळं क्षेत्र काळं होतं आणि त्या काळ्यात बारीक सुयांचे जुडगे लखलखतात. हे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. कच्च्या अळूनं घसा खवखवतो त्यात यांचा मोठा वाटा. त्याच पद्धतीनं बटाट्याच्या पिठाच्या कणावर काळी फुली दिसते. सुया साध्या उजेडातही होत्याच, पण त्या पटकन दाखवायला दुसरा उजेड लागला. माशीच्या डोळ्याबद्दल हूक हेच तर सांगत होता.

सूक्ष्मदर्शकच नसेल तरी अडत नाही. मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये घडवलेला, २०१४ साली शोधनिबंधातून मांडलेला कागदी फोल्डस्कोप घडी घालून उभा करता येतो, साधारण १४० पट मोठं दाखवतो आणि मोबाइलला चिकटतो. सुयांचे जुडगे पाहायला तेवढं पुरतं.

एकच विनंती. फोटो कुणालाही पाठवा, पण त्याखाली वनस्पतीचं नाव, गाव, तारीख, कोणता भाग, कोणता रंग, कसा उजेड, किती फोटो जोडले हे लिहा आणि कोपऱ्यात मायक्रॉनची पट्टी टाका. पट्टीसाठी स्टेज मायक्रोमीटर लागतो: एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली काच. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयाच्या कपाटात तो बहुधा असतो. मागून घ्या.