टोल रिसेप्टर टिपणारे प्रतिपिंड

रक्तातल्या मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवर टोल-सदृश रिसेप्टर असतात. जंतूंच्या अंगचे ठरावीक रेणू ओळखून ते पेशीला सावध करतात. माणसात यांचे दहा प्रकार आहेत. १, २, ४, ५ आणि ६ हे मुख्यतः पेशीच्या पृष्ठभागावर असतात, तर ३, ७, ८ आणि ९ आतल्या पिशव्यांमध्ये. १९९७ साली येल विद्यापीठात रुस्लान मेद्झितोव्ह आणि चार्ल्स जेनवे यांनी चौथ्या क्रमांकाचा मानवी रिसेप्टर उजेडात आणला. जिवाणूंचे एंडोटॉक्सिन तो ओळखतो, मात्र एमडी-२ या जोडीदार प्रथिनाच्या साथीने.

हे रिसेप्टर पाहायचे तर त्यांनाच नेमके चिकटणारे प्रतिपिंड लागतात आणि त्या प्रतिपिंडांना रंग जोडावा लागतो. रंग जोडण्याची वाट अल्बर्ट कून्स यांनी १९४०च्या दशकाच्या आरंभी हार्वर्डमध्ये दाखवली. १९७५ साली केंब्रिजमध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच वाणाचे प्रतिपिंड हवे तितके मिळवण्याची पद्धत शोधली. आज मोनोसाइटवरचा चौथा रिसेप्टर शोधताना एचटीए-१२५ या वाणाचा प्रतिपिंड बराच वापरला जातो.

खरी अडचण रिसेप्टरांच्या तुटपुंज्या संख्येची. मोनोसाइटवर सीडी-१४ हे प्रथिन भरपूर असते, त्यामुळे त्याला कोणताही रंग चालतो. चौथा रिसेप्टर मात्र इतका विरळ, की फ्लुओरेसिनसारख्या साध्या रंगाने तो जेमतेम दिसतो. म्हणून त्याच्यासाठी बहुधा फायकोएरिथ्रिन निवडतात. लाल शेवाळातून मिळणारे हे प्रथिन ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेझरखाली ५७५ च्या आसपास, नारिंगी-पिवळ्या पट्ट्यात झळाळते.

कामाची रीत सोपी वाटते. थोडेसे ताजे रक्त घ्यायचे, त्यात प्रतिपिंड घालून नळी अंधारात ठेवायची, मग तांबड्या पेशी फोडून टाकायच्या आणि उरलेल्या पेशी धुऊन फ्लोसायटोमीटरमध्ये सोडायच्या. यंत्रात पेशी एकामागोमाग एक लेझरसमोरून जातात. विखुरलेल्या प्रकाशावरून पेशीचा आकार आणि आतला दाणेदारपणा कळतो, रंगाच्या उजेडावरून रिसेप्टर.

पण उजेड दिसला म्हणजे रिसेप्टर सापडला, असे नाही. मोनोसाइटवर प्रतिपिंडांची शेपटी पकडणारे एफसी रिसेप्टर असतात. उंदराचा कुठलाही प्रतिपिंड तिथे अडकू शकतो. त्यासाठी आधी एफसी जागा बुजवतात. त्याच जातकुळीचा, पण माणसात लक्ष्य नसलेला प्रतिपिंड दुसऱ्या नळीत घालून ताडूनही पाहतात. मेलेल्या पेशी तर काहीही चिकटवून घेतात. फ्लुओरेसिनचा उजेड शेजारच्या नारिंगी खिडकीत सांडतो, तो गणिताने वजा करावा लागतो. एवढे सगळे करूनही उरलेला फरक लहानच असतो. घाईत छापलेल्या आलेखांवर म्हणूनच फार विसंबू नये.

रक्ताची नळीही निरुपद्रवी नसते. अभिकर्मकात एंडोटॉक्सिनचा अंश असला, किंवा रक्त तासन्‌तास पडून राहिले, तर पेशी जागी होऊन रिसेप्टरांचे प्रमाणच बदलू शकते.

नववा रिसेप्टर आत असल्याने पेशी फॉर्मलडिहाइडने स्थिर करून, सॅपोनिनने तिचे आवरण सच्छिद्र केल्यावरच प्रतिपिंड आत शिरतो. अशा कामात पार्श्वभूमीचा उजेड वाढतो. म्हणून निकाल देताना ‘इतके टक्के पेशी’ एवढेच न सांगता उजेडाचा मध्यक आणि नियंत्रण नळीचा मध्यक शेजारी शेजारी देतात. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळवायचे असल्यास ठरावीक रंगमात्रेचे मणी दोन्ही यंत्रांतून चालवतात.